घरातील घट आणि त्यांचे पथ्यपाणी

नवरात्रातील तिसरी रात्र होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरात रिवाजाप्रमाणे घट बसले होते. गरब्याचे ढोल थांबून बराच वेळ झाला होता आणि सारे घर निद्राधीन होते. जागी होती ती एकच व्यक्ती, आमच्या मातोश्री. अखंड दिव्यात तेल घालण्यासाठी रात्री दोनच्या सुमारास त्या नेहमीप्रमाणे उठल्या. त्यांना वास आला तो तेलवातीचा नव्हे, तर प्लास्टिक जळल्याचा. माजघरातील ज्या दिवाणावर त्या निजतात, त्याच्याच उशाशी, गादीवर, एक लहानसे पुडके तापून धुमसत होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. भिंतीवरचे बटन बंद केले, तारेला धरून ते पुडके फरशीवर ओढले आणि मगच आम्हांला हाक मारली. आम्ही येऊन पाहिले, तेव्हा गादीचा अभ्रा वीतभर तपकिरी झाला होता. आणखी अर्ध्या तासाने काय झाले असते, याचा विचार त्या रात्री आम्ही कोणीच उघडपणे बोलून दाखविला नाही.

ते पुडके होते आमच्या पुतण्याचे. सुट्टीवर आलेल्या या चिरंजीवांना पेंटबॉल नावाच्या खेळाचा छंद जडला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शहराबाहेरच्या मैदानावर सामना होता. म्हणून रात्री नऊ वाजता बंदुकीची बॅटरी 'चार्जिंगला लावून' ते गरब्याला गेले, परत आले आणि झोपी गेले. खेळ बंदुकीचा असला, तरी घर पेटविण्याइतकी ताकद बंदुकीत नव्हती. ती होती या मूठभर पुडक्यात.

असो. संकट टळले, पण त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही या विषयाची जी चौकशी केली, तीत आमचेच अज्ञान पदोपदी आमच्या पदरी आले. वाचकांच्या घरीही अशी पुडकी अनेक असतील. म्हणून हा लेखनप्रपंच.

रंगाच्या गोळ्यांचा खेळ

हा खेळ अमेरिकेतला. रंगाची गोळी मारणारे पिस्तूल तेथे प्रथम तयार झाले ते झाडांवर आणि गुरांवर दुरून खूण करण्यासाठी. १९८१ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर या गावाजवळच्या रानात काही मित्रांनी तेच पिस्तूल घेऊन पहिला सामना खेळला आणि त्यातून या खेळाचा जन्म झाला. म्हणूनच त्या बंदुकीला आजही तिकडे 'मार्कर', म्हणजे खूण करणारे साधन, असेच म्हणतात. गोळी जिलेटिनच्या पातळ कवचाची, सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची. आत पाण्याने धुऊन जाणारा रंग. गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३०० फुटांच्या आत राखावा लागतो आणि तोंडावर मुखवटा असल्याखेरीज कोणालाही मैदानात पाऊल ठेवू देत नाहीत.

गोळी फेकण्याचे काम दाबलेली हवा किंवा कार्बन डायऑक्साइड वायू करतो. मग बॅटरी कशाला? साध्या बंदुकीत ती लागतही नाही. नव्या धर्तीच्या बंदुकीत मात्र हवेची झडप उघडण्याचे काम एक विद्युत्-चुंबक करतो, गोळी जागेवर आली की नाही हे एक प्रकाशकिरण पाहतो आणि वरच्या डब्यातून गोळ्या खाली ढकलण्यासाठी एक चिमुकली मोटर फिरते. या सर्वांना वीज हवी. बॅटरी उतरली की झडप अर्धवट उघडते, गोळी नळीतच फुटते आणि खेळाडू बंदुकीला दोष देत बसतो.

आमच्या पुतण्याचे पुडके होते गोळ्यांच्या डब्यातील मोटरचे. त्यात पेन्सिल सेलच्या आकाराचे सहा घट एका प्लास्टिकच्या वेष्टनात बांधलेले होते. शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात एका एककाला 'घट' आणि घटांच्या जोडणीला 'घटमाला' म्हणतात. आपण व्यवहारात दोन्हींना सेल आणि बॅटरी म्हणून मोकळे होतो.

त्या रात्री काय घडले?

ही घटमाला निकेल-मेटल हायड्राइड जातीची होती. या जातीचा प्रत्येक घट १.२ व्होल्टचा, म्हणून सहांचे ७.२ व्होल्ट. तिच्यावर २००० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला होता. त्याचा अर्थ असा, की २०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला तर ती दहा तास पुरेल. चार्जर होता १ अँपिअरचा, म्हणजे १००० मिलिअँपिअरचा. रिकामी घटमाला त्याने सुमारे दोन तासांत भरावी. वाटेतील गळती धरली तर अडीच तासांत. नऊ वाजता लावलेले काम साडेअकराला संपले होते. चार्जर मात्र पुढे दोन वाजेपर्यंत वीज ओततच होता, कारण बाजारातून स्वस्तात आणलेल्या त्या चार्जरला थांबायचे कधी हे ठाऊकच नव्हते.

भरलेल्या घटात ओतलेली वीज जाते कुठे? ती साठत नाही. तिच्यामुळे घटाच्या आत प्राणवायू सुटतो, तो दुसऱ्या अग्रावर पुन्हा शोषला जातो आणि या येरझाऱ्यांत सारी वीज उष्णतेत रूपांतरित होते. आमच्या पुडक्यात अशी सुमारे आठ वॅट उष्णता निर्माण होत होती. आपण ज्याला 'झिरोचा दिवा' म्हणतो, तो जुना काचेचा दिवा प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅट घेतो आणि हात लावला तर चटका देतो. त्याच्या निम्म्याहून अधिक उष्णता मुठीएवढ्या जागेत कोंडलेली आणि खाली कापसाची गादी! कापूस उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तर आपण थंडीत रजई पांघरतो.

चांगला चार्जर हे सारे ओळखतो. निकेलचा घट भरत आला की त्याचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढत जाते आणि पूर्ण भरताच किंचित खाली येते. त्याच वेळी उष्णता झपाट्याने वाढते. दूध उतू जाण्यापूर्वी साय फुगते आणि शेगडीपाशी उभी असलेली गृहिणी ते पाहून विस्तव काढते, तसा जाणता चार्जर ही खूण पाहून प्रवाह तोडतो. अशी सोय नसेल, तर एकच सुरक्षित मार्ग उरतो, तो म्हणजे मंद आंचेचा. घटावर छापलेल्या आकड्याच्या एकदशांश प्रवाह, म्हणजे २००० ला २०० मिलिअँपिअर, साधारण चौदा तास द्यावा आणि घड्याळ पाहून काढावा. घाईचे काम तेथे घाताचे काम, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

निकेलच्या घटांची निगा

सकाळी पुतण्या ओशाळून उभा होता. घटमाला अर्थातच निकामी झाली होती. डब्यात साधे अल्कलाइन सेल घालण्याची सोय होती, म्हणून सामना चुकला नाही. परतल्यावर त्याने आणि आम्ही मिळून काही नियम समजून घेतले, ते असे.

एका घटमालेत एकाच जातीचे, एकाच दिवशी घेतलेले आणि एकाच क्षमतेचे घट असावेत. जुना आणि नवा घट एका ओळीत जुंपला, की दुबळा आधी रिकामा होतो आणि बलवान घट त्याच्यातून उलटा प्रवाह रेटतात. त्यात त्याचा अंत होतो. एका जुवाला असमान बैल जोडल्यासारखेच हे आहे. लोणच्याच्या बरणीवर जशी तारीख घालतो, तशी घटांवर खरेदीची तारीख घालावी.

बंदूक किंवा खेळणे बंद करून ठेवले तरी आतील यंत्रणा थेंबथेंब वीज पीत राहू शकते. म्हणून खेळ संपल्यावर घट बाहेर काढून ठेवावेत. रंगाचे शिंतोडे जोडणीच्या पट्ट्यांवर उडाले असल्यास ते कोरड्या फडक्याने पुसावेत. निकेल-मेटल हायड्राइडचे साधे घट नुसते ठेवूनही रिकामे होतात; पहिल्या महिन्यातच त्यांची पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक वीज आपोआप ओसरते. २००५ नंतर बाजारात आलेले सुधारित घट मात्र वर्षभरानंतरही बरीचशी वीज राखून असतात. खरेदी करताना हा भेद विचारून घ्यावा.

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीबाबत आणखी एक गोम आहे. साध्या बॅटरीत दीड व्होल्टचे सहा घट असतात. पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीत १.२ व्होल्टचे कधी सहा, कधी सात घट असतात. म्हणजे वर नाव नऊचे आणि आत ७.२ किंवा ८.४ व्होल्ट. नाजूक उपकरणाला ७.२ अपुरे पडतात आणि 'नवी बॅटरीही चालत नाही' अशी तक्रार सुरू होते.

आणि तो जुना समज, की बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये? तो आला निकेल-कॅडमिअम घटांपासून. स्वीडनच्या युंगनर यांनी १८९९ साली शोधलेल्या या घटांना अर्धवट वापराची सवय लागत असे. आज घरात असा घट क्वचितच आढळतो. समज मात्र पिढीजात दागिन्यासारखा हातोहात पुढे आला आहे.

मातोश्रींचा प्रश्न

एवढे ज्ञान संपादन केल्यावर आम्ही पुतण्याला चार शब्द सुनावणे ओघाने आलेच. निष्काळजीपणा, वडीलधाऱ्यांची काळजी, वस्तूंची कदर अशा विषयांवर आमचे निरूपण रंगात आले असता मातोश्री वाती वळता वळता म्हणाल्या, "अरे, त्याला बोलतोस ते ठीक आहे. पण जिन्याखालच्या त्या मोठ्या बॅटरीत तू पाणी कधी घातलं होतंस?"

आमचे निरूपण तेथेच थांबले. जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आहे. झाकणे उघडून पाहतो, तो पातळी दाखविणाऱ्या तरंगत्या खुणा तळाला गेलेल्या. शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि रॉकेलची एक विसरलेली बाटली. पुतण्या काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

इन्व्हर्टरचा घट शिशाचा आणि गंधकाम्लाचा असतो. फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली तो सिद्ध केला. पुन्हा भरता येणाऱ्या घटांचा हा मूळपुरुष. त्याचे पथ्य निराळे आहे. त्याला सदैव भरल्या पोटी ठेवावे लागते. रिकामा पडून राहिला, की त्याच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण खडे बनतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. भरताना त्यातील पाणी थोडे थोडे उडून जाते. म्हणून महिना-दोन महिन्यांनी पातळी पाहून ऊर्ध्वपातित पाणी, दुकानात ज्याला डिस्टिल्ड वॉटर म्हणतात तेच, वरच्या खुणेपर्यंत घालावे. नळाचे पाणी नको, आणि घरच्या शुद्धीकरण यंत्रातले पाणीही नको, कारण त्यातही क्षार उरतात. आम्ल तर घरी कधीच घालू नये. उडते ते पाणी, आम्ल नव्हे.

भरताना या घटातून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळ दिवा, उदबत्ती, विडी-काडी नसावी. टोकांवर पांढरा-हिरवा क्षार जमला असल्यास जोडणी सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा, पाणी घटात जाऊ देऊ नये आणि वाळल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. हे काम करताना हातातील बांगड्या, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. दोन्ही टोकांना धातू टेकला, तर तो क्षणात लाल होतो. डोळ्यांना चष्मा लावावा. आम्ल उडाले, तर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यात गेले, तर धूत राहून ताबडतोब डॉक्टर गाठावा.

तिसरी जात : लिथियम

तिसऱ्या दिवशी धाकट्या सुनेने कपाटाच्या खणातून एक जुना मोबाइल काढून समोर ठेवला. त्याची पाठ भाकरीसारखी टम्म फुगली होती. घरातील हा तिसरा घट.

लिथियम-आयन घट १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला. त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. मोबाइल, लॅपटॉप, विजेवरची दुचाकी या साऱ्यांत आज याच जातीचे राज्य आहे. वजनाच्या मानाने वीज अधिक साठविणारा, पण स्वभावाने तितकाच कडक असा हा घट आहे.

शिशाच्या घटाला भरले पोट मानवते, तर याला मिताहार. रोजच्या वापरात शंभरात वीस ते ऐंशी या टप्प्यात राहिला, तर तो अधिक वर्षे टिकतो. महिनोन्महिने ठेवायचा असेल, तर सुमारे अर्धा भरून, थंड आणि कोरड्या जागी ठेवावा. त्याचे एकक ४.२ व्होल्टवर भरले, की तेथेच थांबावे लागते. म्हणून याला निकेलच्या घटाचा चार्जर कदापि लावू नये. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष. पूर्णपणे मेलेला लिथियम घट घरच्या युक्त्यांनी 'जिवंत' करण्याच्याही फंदात पडू नये.

उष्णता हा तिन्ही जातींचा समान शत्रू आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या बंद मोटारीत तर त्याहून कितीतरी अधिक. तेथे घट विसरणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हाताने तोडणे. उन्हातून आणलेला घट आधी सावलीत निवू द्यावा, मग चार्जिंगला लावावा.

फुगलेला घट टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. आम्ही तो मोबाइल एका मातीच्या कुंडीत, घराबाहेर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जमा केंद्रात दिला. कोणताही घट कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. भारत सरकारने २०२२ साली केलेल्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे. म्हणून दुकानदाराकडे किंवा ई-कचरा केंद्राकडे त्या परत देता येतात. देण्यापूर्वी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी.

आणि आग लागलीच तर? पहिले काम मुख्य बटन बंद करणे, दुसरे घरातील माणसे बाहेर काढणे. त्या धुराचा एकही श्वास घेऊ नये. तो विषारी असतो. मोबाइलसारखी लहान वस्तू असेल आणि जवळ जाणे सुरक्षित असेल, तर वीज तोडल्यावर दुरून भरपूर पाणी ओतावे, कारण पाण्याने ती निवते आणि शेजारचा घट पेटत नाही. दुचाकीची बॅटरी असेल, तर काहीही न करता बाहेर पडावे आणि ११२ किंवा १०१ वर अग्निशमन दलाला बोलवावे. म्हणूनच दुचाकी कधीही जिन्याच्या तोंडाशी किंवा घराच्या एकमेव दारात चार्जिंगला लावू नये. आग लागली तर पळण्याची वाटच बंद होते.

दारामागचा कागद

दसऱ्याच्या दिवशी आमच्याकडे शस्त्रपूजा असते. पाटावर आजोबांची जुनी तलवार, आमचे पेन, सुनेचे शिवणयंत्र यांच्या ओळीत पुतण्याची बंदूकही होती, घट काढून ठेवलेली. पूजा आटोपल्यावर मातोश्रींनी फर्मान काढले, "आता सगळं एका कागदावर लिहा. मला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात."

तो कागद आता स्वयंपाकघराच्या दारामागे, दिनदर्शिकेच्या शेजारी लावलेला आहे. त्यावर पाचच ओळी आहेत. सारे झोपले असताना चार्जिंग नाही. गादी, उशी, सोफा यांवर चार्जिंग नाही. फरशीवर किंवा कडाप्प्याच्या ओट्यावरच. ज्याचा चार्जर त्यालाच. फुगलेले, तापलेले, वास येणारे लगेच घराबाहेर. आणि पाचवी ओळ मातोश्रींनी स्वतः सांगितली : पहिल्या तारखेला जिन्याखालचे पाणी पाहणे, जबाबदारी थोरल्याची.

थोरले म्हणजे आम्ही. गेले कित्येक महिने पहिली तारीख आम्ही चुकविलेली नाही. चुकली, तर विचारणारे माणूस माजघरात त्याच दिवाणावर बसलेले असते, ही आमच्या घरावरील देवीची कृपाच. आमच्या वाचकांनी मात्र असा वास येण्याची वाट पाहू नये. आज दिवेलागणीला घरातून एक फेरी मारावी, कुठे कोणता घट कशावर ठेवून तापतो आहे ते पाहावे आणि त्याच्याखालची गादी काढून घ्यावी.